न उघडलेला डबा आणि उशीखालचा फोन

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. मिस्टरांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, महिन्यातले पंधरा दिवस ते बाहेरच. घरी सासूबाई असतात. शाळेचा आणि क्लासचा ग्रुप असतो म्हणून मागच्या दिवाळीत मुलीला फोन दिला. जूनपासून तिचा डबा न उघडता परत यायला लागला. विचारलं की म्हणायची, 'मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं.' सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपवासही तिने आपणहून धरले. सासूबाई खूश होत्या. मागच्या आठवड्यात तिच्या उशीखालचा फोन काढून बघितला, तर सगळे रील्स बारीक होण्याचे, हाडं दिसणाऱ्या मुलींचे. मध्ये मध्ये काळ्या पडद्यावर 'थकले आता', 'मी नसले तरी कुणाला फरक पडत नाही' असलं लिहिलेलं. आणि एका अनोळखी माणसाशी चॅट. तो स्वतःला डाएट कोच म्हणवतो. रोज सकाळी वजन कळवायचं, घरी सांगायचं नाही, आणि 'प्रोग्रेस बघायला फोटो पाठव, कपडे कमी असले तर नीट कळतं' असं त्याने लिहिलं होतं. माझे हातपाय गार पडले. मी तिला दोन थोबाडीत दिल्या, चॅट डिलीट केलं, त्याला ब्लॉक केलं आणि फोन कपाटात टाकला. आज चार दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. फोटो पाठवलास का, असं विचारलं की नुसती रडते. मिस्टर म्हणतात, फोन फोडून टाक, विषय संपला. पोलिसात गेलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. फोन परत द्यावा का? हे वाईट आहे हे तिला कळत कसं नाही? आणि सासूबाईंना यातलं काय सांगू?
– एक आई, सातारा जिल्हा (नाव-गाव छापू नये)

ताई,

फोनचं आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय. फोन परत द्यायचा. आज लगेच नाही, पण याच आठवड्यात, आणि देण्याआधी तिच्याशी एकदा बोलून.

तुम्ही पत्रात लिहिलंय, तो माणूस तिला म्हणाला, घरी सांगायचं नाही. ही माणसं एवढ्यावर थांबत नाहीत, पुढचंही सांगतात. घरच्यांना कळलं तर ते मारतील, फोन काढून घेतील, तुला समजून फक्त मीच घेतो. आता तुमच्या लेकीच्या जागी बसून बघा. घरी कळलं, मार बसला, फोन गेला. त्याचं प्रत्येक वाक्य खरं ठरलं. चार दिवस ती रुसलीय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, ती हिशेब करतेय की खरं बोलल्याची अजून किती किंमत मोजावी लागेल.

मी सोळा वर्षं शाळांमधून समुपदेशक म्हणून बसते. एका नववीतल्या मुलाला कुणीतरी फोटोवरून धमकावत होतं. तीन आठवडे तो झोपला नव्हता. घरी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, 'फोन गेला असता.' मला तेव्हा हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. त्याच्या जगात फोन जाणं म्हणजे मित्र जाणं, वर्ग जाणं. त्या भीतीपोटी त्याने दुसरी, कितीतरी मोठी भीती एकट्याने अंगावर घेतली. तेव्हापासून पालकांच्या सभेत मी पहिली विनंती हीच करते : मुलांना आधीच सांगून ठेवा की, काहीही झालं आणि तू येऊन सांगितलंस तर तुझा फोन जाणार नाही. हा शब्द द्या आणि तो पाळा.

तुमच्याकडून तो शब्द द्यायचा राहिला. अजून देता येईल. समोरासमोर बसवून बोलू नका, ती लगेच आरोपी होते. भाजी निवडताना, स्कूटीवरून येताना, रात्री दिवा मालवल्यावर बोला. सासूबाई जवळपास नसाव्यात. 'अगं, त्या दिवशी मी फार घाबरले. तुला मारलं ते माझं चुकलं. तू काही वाईट केलंस म्हणून नाही मारलं, तो माणूस तुला काय करेल या भीतीने हात उठला. फोन मी तुला परत देणार आहे. आधी आपण दोघी मिळून एक-दोन गोष्टी करू.' एवढंच बोला आणि गप्प बसा. ती काही बोलली नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या शेजारी बसा.

फोटोबद्दल 'पाठवलास का?' असं विचारू नका. या प्रश्नाला 'हो' म्हणणं मोठ्या माणसालाही जड जातं. त्याऐवजी म्हणा, 'पाठवला असशील तर तो काढून टाकायच्या मागे लागू. नसशील तर बरंच झालं. दोन्हीत मी तुझ्याच बाजूला आहे.' उत्तर लगेच येणार नाही, पण दार उघडं राहील.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे वाईट आहे हे तिला कळत कसं नाही?

कारण ते 'वाईट' अशी पाटी लावून आलंच नाही. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या, मुलांना जीव द्यायला लावतो असं म्हणत त्या ऑनलाइन खेळाची किती दहशत होती, आठवतं? पालकांच्या ग्रुपवर रोज इशारे फिरत होते, शाळांनी सभा घेतल्या. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की, तपासलेल्या घटनांत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. त्या काळात आम्ही सगळे एका नाव असलेल्या राक्षसाला शोधत होतो, आणि मुलांच्या हातातल्या फोनवर रोज, बिननावाचं, गोडीगोडीत काय येतंय तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत सुरुवात बहुधा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवरच्या उपायाने झाली असेल. मग पोट कमी करायचे व्यायाम. मग 'मी दिवसभरात काय खाते'. मग हाडं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बोटभरच खाली असते, म्हणून उतरतोय हे कळत नाही.

आणि या पायऱ्या तिने एकटीने शोधलेल्या नाहीत. रील्स दाखवणारी यंत्रणा मुख्यतः हे मोजते की, माणूस कशावर थांबला. आवडलं म्हणून थांबला की धक्का बसला म्हणून थांबला, हा फरक ती करत नाही. मुलगी पाच सेकंद जास्त थांबली की तसलेच आणखी दहा येतात. रडवेल्या रील्सचंही तेच. उपाशी, चिडलेल्या, एकट्या पडलेल्या मुलीला रात्री अकरा वाजता 'थकले आता' हे स्वतःच्या मनातलं वाटतं. ती थांबते, आणि उद्या तसलेच वीस येतात.

ब्रिटनमध्ये २०१७ साली एका चौदा वर्षांच्या मुलीने जीव दिला. पुढे तिच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, लाइक केलेल्या किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या, असं त्यात समोर आलं. २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष नोंदवला की, ऑनलाइन मजकुराचा त्या मृत्यूला नगण्य म्हणता येणार नाही इतका हातभार लागला. तुम्हाला घाबरवायला मी हे सांगत नाही. त्या मुलीच्या घरच्यांनाही तिच्या फोनमध्ये काय चाललंय याची कल्पना नव्हती, आणि ती माणसं निष्काळजी नव्हती. तुम्ही उशीखालचा फोन वेळेत बघितलात. मारलंत ते चुकलं, बघितलंत ते बरं झालं.

तेव्हा तिला 'हे बघू नकोस' सांगण्यापेक्षा यंत्र कसं चालतं ते दाखवा. दोघींचे फोन शेजारी ठेवा. तुमच्यावर काय येतं? रांगोळ्या, पैठण्या, गुडघेदुखीचे व्यायाम असं काहीतरी असेल. मग दोघी मिळून तुमच्या फोनवर मुद्दाम आठ-दहा मांजरांचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा. मांजरांची रीघ लागलेली असेल. तेरा वर्षांच्या मुलांना एक गोष्ट मनापासून आवडत नाही, ती म्हणजे कुणीतरी आपल्याला चालवतंय हे कळणं. माझ्यासमोर मुलं अक्षरशः चिडली आहेत : 'म्हणजे मी रडत होते आणि ह्यांनी अजून रडायचे व्हिडिओ पाठवले?' हा राग चांगला आहे. आईवर निघण्यापेक्षा तो तिकडे निघू द्या.

धोक्याच्या मजकुराची यादी पाठ करून मुलांना काही येत नाही, कारण शब्द रोज बदलतात. यंत्रणेच्या गाळणीतून सुटायला तेच शब्द वेगळ्या स्पेलिंगने लिहिले जातात. मी मुलांना शरीराकडे बघायला शिकवते. बघून झाल्यावर पोटात गोळा आला का? आरशात बघावंसं वाटेनासं झालं का? कुणी खोलीत आलं की स्क्रीन झाकावीशी वाटली का? स्क्रीन झाकावीशी वाटणं हा मला सगळ्यांत भरवशाचा इशारा वाटतो. आणि मग एक प्रश्न : हे बघून फायदा कुणाचा? बारीक होण्याच्या बहुतेक रील्सच्या शेवटी पावडर असते, कोर्स असतो, किंवा 'मला मेसेज कर' असतं.

'मला मेसेज कर' इथूनच हा कोच आला. ताई, हा प्रकार तुमच्याच घरी पहिल्यांदा घडलेला नाही. उपाशी राहण्याला उत्तेजन देणाऱ्या ऑनलाइन गटांत कोच म्हणून शिरून, वजन आणि शिस्तीच्या नावाखाली कोवळ्या मुलींकडून फोटो मागणारी माणसं युरोपातही सापडली आहेत. त्यांची पद्धत ठरलेली असते. आधी कौतुक, मग रोजचा हिशेब, मग गुपित, मग दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणं, मग फोटो, आणि फोटो मिळाला की धमकी. मुलग्यांच्या बाबतीत हेच मोबाइल खेळात खर्चायच्या 'डायमंड'पासून किंवा एखाद्या 'मुलीच्या' रिक्वेस्टपासून सुरू होतं, आणि धमकी बहुतेकदा पैशांची असते. तुमच्या लेकीला हे क्रमाने सांगा, तिचं नाव न घेता, 'ही माणसं असं करतात' अशा भाषेत. तिला आपोआप आपला कोच कुठल्या पायरीवर होता ते दिसेल. आणि ती मूर्ख नव्हती हेही दिसेल, कारण हे तिच्यासाठी केलेलं नव्हतंच. त्याने तेच वाक्य पन्नास मुलींना पाठवलेलं असतं.

चॅट डिलीट केलंत, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. रील्स म्हणताय म्हणजे इन्स्टाग्राम असावं असं धरून सांगते. तिथे आपण चॅट काढलं तरी ते फक्त आपल्या बाजूचं जातं, समोरच्याकडचं नाही. शिवाय तुम्ही त्याला ब्लॉक केलंय, म्हणजे त्याच्या खात्याचं नाव सेटिंग्जमधल्या ब्लॉक केलेल्यांच्या यादीत आहे. तिथून ते अक्षर-अक्षर लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा, तारीख टाका. त्याने काय लिहिलं होतं ते तुम्हाला आठवतंय तसं आजच वहीत उतरवून ठेवा. फोनमधलं आणखी काही पुसू नका. अ‍ॅपवर त्याचं खातं रिपोर्ट करा, तक्रार कुणी केली हे त्याला सांगितलं जात नाही. आणि पुढे कधी असं झालं तर क्रम उलटा ठेवा : आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक.

पोलिसांचं. अठरा वर्षांखालच्या मुलीकडे असा फोटो मागणं हाच गुन्हा आहे, तिने तो पाठवला असो वा नसो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आहे आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. गावात बोभाटा होईल ही तुमची भीती मला समजते, पण हा कायदा करताना त्याच भीतीचा विचार झालेला आहे. मुलीची ओळख माध्यमांतून उघड करायला बंदी आहे. तिचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नसावा लागतो. तिला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. गावातल्या ठाण्यात ओळखीची माणसं आहेत म्हणून जायचं नसेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, ती पुढे योग्य ठिकाणी पाठवतात. घरबसल्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. पैशांची मागणी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, आणि एक रुपयाही पाठवू नका. एकदा पैसे गेले की मागणी वाढतेच.

माझं मत विचाराल तर तक्रार करा. पण तिला सांगून, तिला बरोबर घेऊन. तिच्या पाठीमागे केलेली तक्रार तिला दुसरी थोबाडीत वाटेल.

फोटो गेलेला असेलच तर तेही सांगते. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, जगभरातल्या मुलांसाठी. नाव सांगावं लागत नाही. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, फोनमध्येच त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांच्या जागी तोच फोटो आला तर त्या ठशावरून तो ओळखून काढता येतो. खाजगी, कुलूपबंद चॅटमध्ये मात्र ही सेवा पोहोचत नाही, हे माहीत असू द्या. आणि एक कळकळीची सूचना : तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका. बहिणीला नाही, वकील असलेल्या चुलत दिरांना नाही, मिस्टरांनाही नाही. मुलांचे असे फोटो पुढे पाठवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहीपेक्षा, तो आणखी चार जणांनी बघितला हे तिला आयुष्यभर टोचेल. पोलिसांना फोन दाखवा, बस्स.

आता डबा. तुमच्या पत्रात मला कोचइतकीच काळजी डब्याची आणि उपवासांची वाटली.

आपल्या घरांत उपवास हे न खाण्यासाठी मिळणारं सगळ्यांत सुरक्षित कारण आहे. कुणी टोकत नाही, उलट कौतुक होतं. आजी म्हणते, पोरगी किती श्रद्धाळू. मी अशा मुली बघितल्या आहेत ज्या साबुदाण्याची खिचडीसुद्धा 'तेल आहे' म्हणून बाजूला सारतात. हा देवाचा उपवास नव्हे. जून ते आत्ता एवढे दिवस डबा परत येतोय, तर तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, 'पोरीचं वय आहे' म्हणून सोडून चालणार नाही. तिची पाळी सुरू होऊन थांबलीय का? चक्कर येते का? उकाड्यातही थंडी वाजते का? केस जास्त गळतात का? जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाऊन बसते का? यातलं काहीही असेल तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. वाढीच्या वयात उपासमार झाली तर हाडांवर आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो. हा आजार आहे, हट्ट नव्हे, म्हणून 'दोन घास खा गं' या विनवणीने तो जात नाही आणि दटावून तर अजिबात जात नाही.

कुठे न्यायचं? आपल्याकडे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून ते चालतं, दहा ते एकोणीस वयोगटासाठी, आणि तिथे समुपदेशक असतात. तुमच्या जवळच्या रुग्णालयात त्याचे वार विचारून घ्या. तिथे सोय नसेल तर साताऱ्याला सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं आहेत. पहिल्या भेटीला 'अशक्तपणा वाटतोय, तपासून घेऊ' एवढं म्हणून निघालात तरी ते खोटं नाही. पण आत गेल्यावर डॉक्टरांना सगळं सांगा, आणि तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायला दहा मिनिटं द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा. जड जाईल, तरी बसा.

काळ्या पडद्याच्या रील्सविषयी तिला थेट विचारायला हवं. 'तुला कधी मरावंसं वाटतं का?' हाच शब्द वापरून, शांत आवाजात. असं विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल ही भीती बहुतेक आयांना असते. तसं होत नाही. उलट, हा प्रश्न विचारायची कुणाची तरी हिंमत झाली याचा मुलांना आधार वाटतो. ती 'हो' म्हणाली तर भाषण देऊ नका, रडू आलं तर येऊ द्या, तिचा हात धरून ठेवा. त्या रात्री तिला एकटी झोपवू नका, घरातली औषधं आणि शेतातली कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनगटावर, मांडीवर खुणा दिसल्या तरी हेच. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. आत्ता या क्षणी जिवाला धोका वाटला तर ११२ हा तातडीचा नंबर.

मुलांना स्वतःला फोन करायचा असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. तोही चोवीस तास आणि मोफत. हा नंबर तिला तुम्ही द्या, तुमच्या हाताने, तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून. 'मला सांगावंसं वाटलं नाही तर इथे सांग' हे आईच्या तोंडून ऐकणं मुलीला फार मोकळं करतं. त्याच पानावर तिला तीन माणसांची नावं लिहायला सांगा, घरातली आणि बाहेरची, ज्यांना ती काहीही सांगू शकते. त्यात तुमचं नाव पहिलं नसेल. मावशी असेल, क्लासच्या मॅडम असतील, कॉलेजमधली चुलतबहीण असेल. वाईट वाटून घेऊ नका, त्या माणसांना मात्र एकदा भेटून सांगा की तिने काही सांगितलं तर तिला ओरडू नका आणि एकट्याने पोटात ठेवू नका. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रारपेटीही. त्या समितीत कोण आहे ते विचारा. वर्गातल्या आणखी मुली त्याच कोचच्या नादी लागलेल्या असू शकतात. अशा गोष्टी एकीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर जातात. तिचं नाव न घेता वर्गशिक्षिकेशी तेवढं बोला.

फोन परत देताना दोन-चार गोष्टी तिच्याबरोबर बसून करा. तिच्या खात्यात जन्मसाल काय टाकलंय ते बघा. ते खरं असेलच असं नाही, माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ मुलांनी ते मागचं टाकलेलं असतं. इन्स्टाग्रामवर अठरा वर्षांखालच्यांसाठी वेगळं टीन अकाउंट आहे, भारतात ते फेब्रुवारी २०२५ पासून येऊ लागलं. त्यात खातं आपोआप खाजगी राहतं, ती ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेसेज येत नाहीत, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण जन्मसाल खोटं असेल तर कंपनीच्या लेखी ती मोठी बाई असते आणि यातलं काहीही लागू होत नाही. साल दुरुस्त करा. सुचवलेला मजकूर पुसून नव्याने सुरू करायची सोयही त्याच सेटिंग्जमध्ये आहे. ते बटण तिलाच दाबू द्या. मग रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही, आणि मिस्टर घरी असतील तेव्हा त्यांचाही. एकट्या तिच्यासाठी हा नियम केलात तर आठ दिवसही टिकणार नाही.

मिस्टरांना सांगा, फोन फोडून तो माणूस काही फुटत नाही. शेजारणीच्या फोनवरून, मैत्रिणीच्या टॅबवरून ती त्याच्याशी बोलू शकते, आणि तेव्हा तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. त्यांना करण्यासारखं एक काम आहे. रस्त्यावर असले की रात्री जेवणाच्या वेळी त्यांनी तिला फोन करावा. आज कुठल्या घाटात अडकलो, ढाब्यावर काय खाल्लं असलं काहीही बोलावं. कोचचा विषय काढू नये. बाप चिडलेला नाही एवढं तिला आवाजातून कळलं तरी पुष्कळ झालं.

राहिल्या सासूबाई. कोचविषयी त्यांना सांगायची गरज नाही. ती गोष्ट मुलीची आहे, आणि कुणाला सांगायची हे ठरवायचा थोडा हक्क तिलाही असू द्या. पण खाण्याचं त्यांना सांगावंच लागेल, कारण दिवसभर त्याच घरी असतात. 'डॉक्टरांनी वर्षभर उपवास बंद सांगितलेत' असं म्हणा. डॉक्टरही हेच सांगतील, म्हणून आधी त्यांना भेटा आणि मग सासूबाईंशी बोला. आणि त्यांना एक विनंती करा, हात जोडून करा, की 'अंग सुटलंय हो हिचं' किंवा 'किती काळवंडलीस' हे घरात, लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर कुणी म्हणायचं नाही, त्यांनी नाही आणि त्यांच्या बहिणींनीही नाही. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हेही नाही. तुमच्या मुलीने ते रील्स उघडण्याआधी हे शब्द तिने कुठेतरी ऐकलेले आहेत. सासूबाईंच्या हातचं तिला लहानपणी काय आवडायचं ते त्यांना नक्की आठवत असेल. ते त्यांनी करावं, ताटात वाढावं, आणि तिने किती खाल्लं ते न मोजता शेजारी बसून आपलं जेवावं.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला परत लिहा.